रात्रीची थ्री फेज

साडेअकराला फोन : किनगावच्या पुढे, नाल्याजवळ,
गाडी बसलीय, हुसेनभो, ये.
मी पाने घेतले, पकड घेतली, टॉर्च घेतला
आणि निम्म्या वाटेवर हसू आलं,
या गाडीला पाना लावायचा कुठे?

यावलच्या स्टँडमागे माझं गॅरेज, तीस वर्षांचं.
लोकांनी गाड्यांना काय काय पाजलं, मला विचारा.
रॉकेल पाजलं. जीप खोकायची, पण घाट चढायची.
व्हॅनच्या पोटात स्वयंपाकाचं सिलिंडर घातलं
आणि वर वऱ्हाड बसवलं,
नवरीची मावशी साकळीपर्यंत म्हणत राहिली, वास येतोय कसला.
एका उन्हाळ्यात हॉटेलचं जळकं तेल आलं;
पिंजारी मास्तरांची ट्रॅक्स गल्लीतून गेली
की पोरं बाहेर यायची, भजी कुठे तळतात बघायला.
मग सीएनजी. जळगावच्या रांगेत
एकानं डबा खाल्ला, झोप काढली,
फोनवर भावकीचा बांध मिटवला, तरी नंबर आला नाही.
आता पेट्रोलात उसाचा अर्क.
जुन्या गाड्यांचे रबरी पाइप
भिजल्या हरभऱ्यासारखे फुगतात.
मी बदलून देतो. माझं घर त्यावर चालतं, मी कशाला बोलू.

वारकेसाहेब दीपनगरातून रिटायर झाले,
उभा जन्म कोळशाच्या पट्ट्याशेजारी,
आणि फंडाच्या पैशातून बॅटरीची गाडी घेतली. पांढरी. सेकंडहँड.
चहाच्या टपरीवर पोरं चिडवतात,
धूर नाही म्हणता, मग तो वर दिसतो तो कोणाचा?
साहेब कपातलं संपवतात आधी.
माझाच, म्हणतात. वासावरून ओळखतो.
पण एका चिमणीला जाळी बांधता येते रे,
हजार सायलेन्सरांमागे कोण पळेल?

कागदावर दोनशे किलोमीटर.
मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, एसी लावून : शंभर, देवाच्या नावानं.
चोपड्याच्या चार्जरवर चिमणीनं घरटं केलंय
आणि पडद्यावर एकच शब्द : लवकरच.

नाल्यापलीकडे लोटन महाजनचा केळीचा मळा.
तो जागाच होता, स्टार्टरशेजारी खाटेवर.
लाइट बाराला येते, म्हणाला. आली तर.
मग गाडी ढकलली. तिघांनी. अख्खी बॅटरी ढकलली,
तिच्याइतकं जड रिकामं भांडं मी पाहिलं नाही.
बसलो. बिडी. डासांचं आपलं चाललेलं.
बारा वाजून गेले. साडेबारा.
एक वाजायला दहा कमी असताना
पेटीवरचा लाल दिवा लागला, मोटार घुमली,
लोटन कॉक फिरवायला अंधारात पळाला.
मी एक फेज काढली, न्यूट्रल काढला,
अर्थिंगची सळई ओल्या सरीत खुपसली.
गाडीच्या नाकात हिरवा ठिपका
उघडझाप करू लागला.
वायरमनला सांगू नका.

दर तासाला लोटन उठे :
वरचा पट्टा झाला, खालचा लावतो,
तुमचीला अजून लागेल का?
जणू तीही तिथेच लावलेली, मृगबागेतली,
ठिबकाखाली उभी.

चारला त्रेपन्न टक्के. घरापर्यंत पुरतं,
एसी न लावता, खिडक्या उघड्या ठेवून.
साहेबांनी पाकीट काढलं. किती झाले?
लोटन डोकं खाजवत राहिला.
मला बिल हॉर्सपॉवरवर येतं साहेब,
तुमच्यात घोडे किती ते सांगा.
साहेबांनाही आठवेना.
मग ठरलं असं : पोराला सहाची बस आहे,
आयटीआयची परीक्षा, यावलपर्यंत सोडा.

पोरगं अर्धं झोपेतच बसलं.
गाडी निघाली. निघाली हे कळायला
लाल दिवे दूर गेलेले दिसावे लागले.
खाटेखालचं कुत्रं कान न हलवता झोपलेलं.

मी माझ्या फटफटीला किक मारली.
एक. दोन.
चौथीला ती पेटली,
आणि कुत्रं भुंकत थेट सडकेपर्यंत आलं.