तार तुटली की

रुस्तावीच्या गाडीबाजारामागं, जुन्या कंटेनरातल्या गॅरेजात
जुंबेरकाकांनी गिअरबॉक्सचं पोट उघडलं.
तेल रात्रभर निथळत होतं,
त्याला करपलेल्या साखरेचा वास.

गाडी गोचाची. कुठंतरी अमेरिकेत पुरात बुडाली,
लिलावात निघाली, पोतीच्या बंदरात उतरली
आणि टॅक्सी झाली.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा दणका
की मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या
छातीवर क्रूस काढतात. दोनदा.
"चिडलीय ती," गोचा म्हणतो.

काका म्हणाले, एतेरी, हात पूस. हे बघ.
ॲल्युमिनियमचा ठोकळा,
आत वाळवीनं कोरल्यासारख्या वाटा,
एका भोकात करंगळीएवढा दट्ट्या.
एका अंगाला स्प्रिंग, दुसऱ्या अंगाला तेल.
पंप रेटतो, तेल रेटतं,
स्प्रिंग म्हणते, इथवरच.
फार झालं की दट्ट्या केसभर सरकतो
आणि जास्तीचा दाब
खालच्या तेलात परत सांडून देतो,
गाजावाजा नाही.

"आणि इथवर म्हणजे कुठवर, ते कोण ठरवतं?"
काकांनी टोकाचा सोलेनॉइड नखानं वाजवला.
याला निरोप येतो, विजेचा.
वीज वाढली की दाब उतरतो,
वीज घटली की दाब चढतो.
"उलटंच की!"
तेव्हा कुठं ते हसले.
"करणाऱ्याला ठाऊक होतं,
तार कधीतरी तुटणारच.
निरोप थांबला की हा गप्प बसत नाही,
असेल नसेल तो जोर लावून धरतो.
सैल सोडलं, तर क्लच घसरून घसरून जळतील.
त्यापेक्षा दणके बसू देत. गाडी घरी तर पोचेल."

तार कनेक्टरपाशी सापडली, हिरवी पडलेली,
हात लावताच भुगा.
दट्ट्याला काहीच झालं नव्हतं.

संध्याकाळी गोचा चक्कर मारून आला,
"तिसरा पडला तरी कधी?"
पैसे अर्धेच दिले, उरलेले रविवारी म्हणाला.

तोर्निके पोलंडला गेल्याला दोन वर्षं झाली.
ईस्टरपासून फोन नाही.
काका शटर असं खाली ओढतात
की समोरच्या टायरवाल्याचा कुत्रा उठून बसतो.
रोज मी कान झाकून घ्यायचे.
आज नाही झाकले.