फेरमोजणी

दुपारी तीनला आकडा फुटला : सात मतांनी.
लक्ष्मीपुरीतल्या माझ्या दुकानातनं
अकरा पोती गुलाल गेला, उधारीवर.
हलगी कडाडली. दूध संघाच्या दारातली
चार भाकड म्हसरंसुद्धा गुलाबी झाली.

साडेपाचला अर्ज.
हॉलला आतनं कडी.
बाहेर माणसं फुटपाथवर, चपला उशाला घेऊन.
रंगराव चौगले म्हणाला, पेटी फुटली.
मेव्हणा म्हणाला, फुटली न्हवं, फोडली.
दोघांत चहा एकच होता,
तो तेवढा बशीत ओतून
दोघांनी थेंबाथेंबाचा हिशेब करून वाटून घेतला.

रात्री सव्वाएक.
दोन मतांनी. उलटा.

आता दुसऱ्या बाजूनं माझं शटर बडवलं.
गुलाल संपलाय म्हटलं.
तसा एक पोरगा वाकला,
रस्त्यावरचाच मूठभर गोळा केला
माती, शेण, तंबाखूच्या चुन्यासकट
आणि नव्या अध्यक्षाच्या कपाळाला फासला.

दहा तासांचा जुना अध्यक्ष, धोंडिराम पोवार,
कोपऱ्यावरच्या नळाखाली मान घालून उभा.
पाण्यानं गुलाल जात नाही, चढतो.
मी वाटीत गोडेतेल नेऊन दिलं.
डोळे मिटूनच त्यानं विचारलं,
तू कुणाला मारलास शिक्का?

रेघेवर पडला होता, दोन चिन्हांच्या मधोमध.
हे अजून बायकोलाही बोललेलो नाही.
म्हटलं, कानामागं राहिलाय बघा, अजून चोळा.

उद्या कोर्टात जाणार म्हणे.
वही उघडून बसलोय.
अकरा पोती
नावे कुणाच्या टाकू?