अर्थिंगच्या खड्ड्यात अर्धी बादली

गोळीबार चौकामागच्या बोळीत, मे महिन्यात, रात्री अकराला
आम्ही कूलर बंद केला.
कूलर चालू असताना सगळे अँप्लिफायर सारखेच,
हे नीळकंठ हेडाऊंचं पहिलं सूत्र.
दुसरं : आवाज मल्टिमीटर लावून जुळवून घ्यायचा,
कारण जो मोठा, तो गोड वाटतो.
माणसांतसुद्धा.

दोरीवर चादर. चादरीमागे तिघं.
एक व्हॉल्वचा, त्याचा ट्रान्सफॉर्मर उचलताना
हेडाऊंच्या कमरेतून येतो तो आवाज वेगळा.
एक ट्रान्झिस्टरचा, त्यांनी स्वतः जोडलेला,
हीटसिंकवर पापड भाजावा असा.
आणि एक तळहाताएवढा, क्लास डी,
मिहानमधल्या भाच्यानं ऑनलाइन मागवलेला,
थंडगार. हेडाऊ त्याला बोट लावून बघतात
आणि बोट लुंगीला पुसतात.

ऐकायला प्रभुदास नंदनवार.
चाळीस वर्षं हातमागावर करवतकाठी विणलेले.
"डोळे मिटा काका," मी म्हटलं,
व्हॉल्वचा नारिंगी उजेड चादरीच्या भोकातून सांडत होता.
"मिटलेच समज बे. मोतीबिंदू पिकून राहिला."

टेपही त्यांच्याच मागाची,
हेडाऊंनी कधीकाळी सहज भरून घेतलेली :
पावडीचा दाब, धोट्याची धाव, फणीचा ठोका.
गाणं नाही. गाण्यात कान लबाडी करतो,
येत नाही ते पदरचं घालून ऐकतो.

पहिला.
"याले नुकतंच तेल पाजलं वाटते.
लाकूड कसं मऊ बोलून राहिलं.
माह्या मागाले एवढं तेल कोणी देल्लं कधी?"

दुसरा.
"हाव. ठोका बरोबर.
पण मालक समोर उभा असल्यावानी.
कोणी श्वास नाई सोडून राहिलं."

तिसऱ्याला ते बराच वेळ बोललेच नाहीत.
घाम हनुवटीवर येऊन थांबला, मग गळला.
"धागा न् धागा सुटा. काठाचे दात मोजून घे."
"मंग?" हेडाऊंचा आवाज जरासा पडलेला.
"मंग काय. तिघाइतही मागं भुंगा हाये."

भुंगा!
हेडाऊ उठले. पिना काढल्या, उलट्या लावल्या, सुलट्या लावल्या.
होता.
पन्नास हर्ट्झची घुमघुम,
ना व्हॉल्वची, ना ट्रान्झिस्टरची, ना त्या चिपची.
दोन तास आम्ही तिघांतला फरक ऐकत होतो,
तिघांत सारखं जे होतं
ते ऐकायला मोतीबिंदूवाला माणूस लागला.

टॉर्च घेऊन मागच्या अंगणात.
अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी सरकवली :
कोळसा कोरडा, मीठ कोरडं,
माती पायपापासून बोटभर सुटलेली.
घरात भरलेली बादली एकच, कूलरची.
पुष्पलताबाई दारात.
"झाडाले घालून राहिले का?"
"नाई. आवाजाले."
सोल्डरच्या धुराकडे त्या जशा बघतात
तशाच आमच्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "अर्धीच घ्या."

जमिनीनं ते पाणी कसं घेतलं ते सांगता येत नाही.
आधी चर्र, मग बुडबुडे,
मग बराच वेळ काहीच नाही.

आत येऊन टेप पुन्हा लावली.
भुंगा गेला नव्हता, लांब जाऊन बसला होता.
आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत
कोणीतरी खर्रा
एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

प्रभुदासकाकांचा हात गालाकडे गेला.
"सोडून बारा वर्षं झाले," ते म्हणाले,
जणू आम्ही पकडलं होतं.

कोणता जोडलेला होता?
घाईत पिना कुठे खुपसल्या ते कुणाच्याच ध्यानात नव्हतं.
हेडाऊ बघायला चादरीमागे गेले
आणि लवकर बाहेर आले नाहीत.
तेवढ्यात पुष्पलताबाईंनी
उरलेल्या अर्ध्या बादलीवर
कूलर लावला.