नाव ठेवणं

फेब्रुवारी. समुद्र गोठलाय, फेरीबोट बर्फ फोडत उशिरा येते,
आणि एंडेल स्वयंपाकघरात बसून
आमच्या यंत्रांची बारशी करतोय.

चौकटीची वही, टोक काढलेल्या तीन पेन्सिली.
चाळीस वर्षं नकाशे काढले, हात अजून तसाच चालतो.
तळघरातला बॉयलर, सॉनातलं थर्मामीटर,
शेडमधला फ्रीझर, त्यात अजून ऑक्टोबरचे मासे:
सगळ्यांना त्याने किनाऱ्याजवळच्या खडकांची नावं दिलीत.
प्रिंटर तेवढा कुरात.
कुरात म्हणजे सैतान. यावर आमचं एकमत आहे.

पण नुसत्या नावाने भागत नाही म्हणे.
टिंबानंतर आडनाव लागतं, अख्ख्या घराचं मिळून एक.
तो नाव ठेवतो, मी नावं ठेवते.
संसार असाच झाला आमचा.

मागे त्याने एक आखूड आडनाव घेतलं होतं, डेव.
आपल्याच भिंतींच्या आतलं, विचारायचं कुणाला?
मग बाहेरच्या जगात ते कुणीतरी खरंच घेतलं,
आणि एका सकाळी ब्राउझर अडून बसला:
बॉयलरचं ओळखपत्र दाखवा.
बावीस वर्षं आमच्या तळघरात राहणाऱ्या बॉयलरचं!

मला नवल वाटलं नाही.
आमच्या रस्त्याला आधी लिंडनच्या झाडांचं नाव होतं,
मग एका सेनापतीचं, मग एका तारखेचं,
आता परत झाडांचं.
घर न सोडता मी चार पत्त्यांवर राहिलेय.

लोकल? त्यावर यंत्रं आपसात ओरडून बोलतात, तो म्हणाला,
मध्ये पडू नये.
विकत घेऊ या? दर वर्षी भाडं,
आणि आमचं आडनाव टाम्पेरेच्या एका दंतवैद्याने आधीच नेलेलं.
शेवटी त्याला सापडलं: इंटर्नल.
याद्या राखणाऱ्यांनीच बाजूला काढून ठेवलेलं,
कधीच कुणाला विकायचं नाही म्हणून.
सरकारी कपाटासारखं नाव, मी म्हटलं.
असू दे, म्हणाला. कपाटाला कुलूप आहे.

मग माझ्या टॅब्लेटची पाळी.
खडक संपले होते.
पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकून होती,
आणि त्याने लिहिलं: मॅएओत्सा.

माझ्या आईची वाडी. टेकडीच्या टोकाला तीन घरं, एक विहीर.
लष्कराने किनारा बंद केला तेव्हा माणसं उठवली,
आणि नकाशाच्या कचेरीत हुकूम आला, नाव खोडा.
खोडणारा एंडेल होता. तेवीस वर्षांचा,
मला अजून भेटायचा होता.
लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं,
बटाटे सोलताना, पाठ फिरवून.

आता बाहेरून कुणी हे नाव विचारलं
तर उत्तर जातं: असं काही नाही.
आतून विचारलं तर उत्तर येतं.
त्याने मला दाखवलं, पिंग करून.
चार पाकिटं गेली, चारही परत आली.

मी चष्मा लावून पडद्याजवळ गेले.
दुसऱ्या अक्षरावरची दोन टिंबं कुठायत?
यंत्राला चालत नाहीत, तो म्हणाला.
आईला चालली नसती टिंबांवाचून, मी म्हटलं.
त्याने पेन्सिल उचलली
आणि वहीत तरी ती दिली.