लोखंडी खुंट

दिवसा मी लग्नं काढते. नारीनच्या हॉलमधली.
नवरीची ओढणी सारखी करा, काका जरा डावीकडे, हसा.
हसतात. पैसे देतात.
आणि अमावस्या जवळ आली की
हप्त्यावर घेतलेली भिंग, सहा बॅटऱ्या
आणि भावाची कानटोपी घेऊन
मी ताश-रबातच्या खोऱ्यात येते,
जिथं कुणाला हसायला सांगावं लागत नाही.

शेयशेनबेक दगडी सराईची किल्ली सांभाळतो.
माझ्यासाठी अंगणातला एकुलता दिवा मालवतो
आणि चहा अंधारातच ओततो, थेंब न सांडता.
"एवढ्या लांबून आलीस," म्हणतो, "ती दिवा घालवायला."

सप्टेंबर, तरी तिवईचे पाय हाताला चिकटतात.
भिंगाला मोजा घातला, आत चुलीतला गरम गोटा,
दव धरू नये म्हणून.
एक बॅटरी कॅमेऱ्यात, दोन काखेत, अंड्यांसारख्या.
चौकटीत खाली घुमट, मागं काळा डोंगर,
वर, बरोबर घुमटाच्या माथ्यावर, तेमिर-काझिक.
आमच्याकडे ध्रुवाला लोखंडी खुंट म्हणतात.
त्याला दोन घोडे बांधलेत, एक पांढरा, एक करडा,
आणि सात दरोडेखोर रात्रभर भोवती फिरतात
दोर कधी सुटतो म्हणून.

तीस सेकंद. बंद. तीस सेकंद. बंद.
पाच तास, सहाशे वेळा.
आपण काही करायचं नाही. हेच अवघड.
खाली कुरणात एक घोडी खुंटाला होती;
दोराच्या मापानं गवत खाऊन
तिनं जमिनीवर गोल उमटवला होता.
तो दिसत नव्हता. चरण्याचा आवाज तेवढा यायचा.

मग आवाज थांबला.
जरा वेळानं कुत्रं. मग दाराची कडी.
आणि शेयशेनबेक टॉर्च घेऊन सरळ माझ्या चौकटीत.
वाटोळं केलंस, मी ओरडले, रात्रीचं वाटोळं केलंस,
चार महिने ढगांत गेले होते, तेही ओरडले.
तो ऐकायला थांबला नाही.
घोडी गेली होती, खुंट उपटून.

घरी सहाशे चित्रं एकावर एक ठेवली.
विमान पुसलं. तीन उपग्रह पुसले.
(लग्नात तर मी अख्खे मामा पुसलेत.)
टॉर्चवर बोट नेलं, आणि उचललं.
वर ताऱ्यांची अर्धीमुर्धी वर्तुळं, शिस्तीत,
खाली एक पिवळी रेघ, उतारावर भेलकांडत गेलेली,
ओढ्यापाशी गाठ, मग परत, सावकाश.
माणूस कुठंच नाही. घोडीही नाही.

ऑक्टोबरात कागद त्याला नेऊन दिला.
आकाशाकडे त्यानं बघितलंच नाही.
नखानं रेघ धरून निघाला.
"इथं घसरलो. इथं गुडघ्यानं दगा दिला.
इथं बराच वेळ शिव्या दिल्या, म्हणून जाड दिसतंय.
आणि ही गाठ… इथं सापडली.
थरथरत होती. मानेवर हात ठेवून उभा होतो."

मग चश्मा काढून, कागद नाकाला लावून
तो वर सरकला, सगळ्या वर्तुळांच्या मध्यावर,
जिथं नुसता ठिपका हवा होता
आणि कापलेल्या नखाएवढा एक वाकडा ओरखडा होता.
मला ठाऊक होतं. त्याला सांगितलं नव्हतं.

"हाही हलतोय," तो म्हणाला.
कागद परत दिला नाही.
दाराआड हातोडा शोधू लागला.