पाण्याची नळी

प्राणिगृहाला खिडकी नाही.
बाबालाल मुजावर चौदा वर्षं
इथला दिवस बटणावर उगवतात, बटणावर मावळतात.
बाहेर पंचगंगेला पूर असो की वैशाख,
आत बावीस अंश.

पिंजरा एकतीस. मादी, तिसरं बाळंतपण.
खाली आठ पिल्लं, भिजवलेल्या शेंगदाण्याएवढी,
कातडी इतकी पातळ
की पोटातलं दूध बाहेरून पांढरं दिसतं.
त्या ठिपक्यावरून बाबालाल ओळखतात
कोण जेवलं, कोण राहिलं.

मला माहीत आहे ते एवढंच
की दुधाबरोबर आणखी कुणीतरी उतरतंय.
आतड्यातून रक्तपेशीत,
रक्तपेशीतून अजून नीट न उगवलेल्या स्तनात.
तिथे तो वाट बघतो.
पिल्लू वयात येईपर्यंत, गाभण राहीपर्यंत,
संप्रेरकांची भरती येईपर्यंत.
मग पेशीच्या पोथीत स्वतःची ओळ घुसडतो,
शेजारचं एखादं निजलेलं अक्षर जागं होतं
आणि थांबायचं विसरतं.

म्हणून काही पिल्लं आम्ही जन्मताच बदलतो.
बाबालाल आधी हातमोज्याला
दुसऱ्या आईचा भुस्सा चोळतात.
"वास आपला झाला की लेकरू आपलं."
ती हुंगते, ओढून घेते.
त्यातली पुष्कळशी सुटतात.

द्राक्षायणीअक्काने मला विचारलं ते गंगावेशीत,
रात्री दहाला, दुधाच्या कट्ट्यावर.
म्हशीची धार थेट ग्लासात वाजत होती,
भावजींच्या मिशीला फेस.
अक्काच्या डाव्या बाजूला पदर सपाट पडलेला.
"तू त्या उंदरांत असतीस. खरं सांग.
स्नेहल बाळंत झालीया. तिला मी अडीच वर्षं पाजलं.
माझ्यातनं तिच्यात काय गेलं असंल तर?
सांगू का तिला, पाजू नको म्हणून?
मी लई भ्यालोय बघ."

मी ग्लास रिकामा केला. उत्तर नव्हतं.

माणसाच्या गाठीत त्याच्यासारखं काही दिसलं म्हणणारे आहेत.
नाही दिसलं म्हणणारेही आहेत.
त्या सोमवारी मलाच दिसलं.
नमुना सतरा. जेलमध्ये नारिंगी रेघ,
नखाने ओढावी तेवढी.
नमुन्यांना नावं नसतात.
पण सतरा कुठल्या दवाखान्यातून, कुठल्या तारखेला आला
ते मी वाचलं होतं. वाचायला नको होतं.
हात थंड पडले, आणि खोटं कशाला बोलू,
आतून एक लहानसा आनंदही झाला :
सापडलं.

मग नजर शेवटच्या नळीवर गेली.
पाण्याची नळी. जिच्यात कुणीच नसायला हवं.
तिच्यातही तीच रेघ.

पाण्याला गाठ झाली नव्हती.
पाण्याने कुणाला पाजलं नव्हतं.
उंदीर माझ्याच बाहीवरून आला होता,
भुश्श्याच्या एखाद्या काडीवरून,
दार मी कोपराने ढकललं तेव्हा.

दुसऱ्या इमारतीत, नव्या रसायनांनी, चार वेळा केलं.
पाणी कोरं. सतरा कोरा.
कोरं म्हणजे नाही, असं नव्हे.
कोरं म्हणजे मला दिसलं नाही.

अक्काला फोन केला. म्हटलं,
उंदराचं उंदराला जातं, ते पक्कं.
बाईचं तसं जातं, हे कुणीच अजून सिद्ध केलेलं नाही.
पाजणाऱ्या बाईला हा धोका थोडा कमीच असतो.
स्नेहलला सांग, पाज. आणि तपासायला जात जा.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"एवढी शिकलीस, आणि नक्की म्हाईत न्हाई म्हणतीस?"
"व्हय."
"बरं," म्हणाली. "निदान खोटं तरी न्हाई."

आज सातला बाबालालनी उजेड मालवण्याआधी
एकतीसच्या वहीत लिहिलं,
त्यांच्या गोल, सावकाश अक्षरात :
गाठ, डावीकडे, वाटाण्याएवढी. खाणं ठीक.

पिल्लं त्याच बाजूला लोचत होती.
त्यांनी बटणावरचा हात
थोडा वेळ तसाच ठेवला.