अर्धविराम, मग स

रदाउत्सीच्या नगरपालिकेत, तळमजल्यावर,
जन्म-मृत्यूच्या खोलीत सत्तावीस वर्षं बसते मी.
गेल्या शरदात जुने संगणक गेले, लिनक्स आलं.
बसवणारा पोरगा तिबेरियु,
सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत म्हणाला,
"वेतुरियाबाई, उजवीकडची ही ऑल्ट आता ऑल्ट नाही.
हिला दाबा, सोडा, आणि मग पुढचं सांगा."

दाबली. सोडली.
पडद्यावर काहीच उमटेना.
"बिघडली?"
"नाही हो. ऐकतेय ती."

खरंच, अशी कळ पाहिली नव्हती.
स्वतःचं अक्षर नाही तिला.
नुसती थांबते,
मागून येणाऱ्या दोघांना एका अंगरख्यात घालते.
दुहेरी अवतरण आणि उ: निघून गेलेल्या जर्मनांचा, दोन टिंबांचा.
तिरकी रेघ आणि ल: डोंगरावरच्या पोलिश वाडीचा, कंबरेत पट्टा बांधलेला.
आणि आमचा स, ज्याच्या पायाशी स्वल्पविराम ठेवला की श होतो,
त्याच्यासाठी मात्र
अर्धविराम दाबायचा.
स्वल्पविराम दाबला तर येते शेपूट,
तुर्की श ची, अक्षराला चिकटलेली.
"हे कुठलं न्यायाचं?" मी विचारलं.
तिबेरियुने टरफल थुंकलं.
"आधी येऊन बसलेल्याची जागा, बाई."

मार्चमध्ये वोलोवत्सहून गाव्रिल शांद्रु आला.
मधमाश्यांच्या पेट्या असलेली जमीन आईच्या नावावर,
आई चौऱ्याहत्तरमध्ये गेलेली,
आणि वकिलाला हवा होता ती गेल्याचा कागद.
मी ऑल्ट दाबली, सोडली, अर्धविराम, स.
पारास्किवा शांद्रु.
नोंद आढळली नाही.
पुढच्या मंगळवारी पुन्हा. आढळली नाही.
तिसऱ्यांदा तो टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला,
"पुरलं मी स्वतः. जमीन गोठली होती,
कुदळीचा दांडा मोडला.
तुमचं यंत्र म्हणतंय, ती मेलीच नाही?"

मी गडबडले.
बोट घसरलं, शेजारच्या कळीवर पडलं. स्वल्पविराम.
आणि ती आली.
पारास्किवा, पूर्वाश्रमीची हुत्सान, वय एकोणसाठ, हृदय.
शेपटीच्या श खाली बसून होती,
जुन्या संगणकांना दुसरा श ठाऊकच नव्हता तेव्हापासून.
सत्तावीस वर्षांत मी कधी चूक करून इतकी बरोबर आले नव्हते.

त्याला दाखवलं. हा तुमच्या अर्जातला श, हा तिचा.
नाकाला काच लागेस्तोवर वाकला तो.
"एकच तर आहे."
"डोळ्यांना एक. याला दोन."
"मग तिचा कुठला?"

खाली तळघरात गेले, चौऱ्याहत्तरचं बाड काढलं.
आधीच्या कारकुनाचं अक्षर, जांभळी शाई,
स च्या पायाशी एक ओरखडा.
शेपूट नाही, स्वल्पविराम नाही,
टाक उचलताना लागलेला धक्का असावा,
किंवा बाहेर कोणी हाक मारली असेल.

वर येऊन म्हटलं, "स्वल्पविराम."
कायद्यात तसंच आहे, म्हणून.

"मी दाबू?" गाव्रिलने विचारलं.
खुर्ची सरकवून दिली.
मेणाने पिवळं पडलेलं, नांग्यांनी सुजून जाड झालेलं बोट
त्याने ऑल्टवर ठेवलं आणि उचलेचना.
"सोडा आता," मी म्हटलं.
"सोडलं की जाईल ना ती?"
"नाही. थांबते."

सोडलं.
पहिल्यांदा त्याने स्वल्पविरामच दाबला. शेपूट आली.
पुसलं.
पुन्हा ऑल्ट. मग अर्धविराम शोधायला किती वेळ,
पाद्री बेसिनला जेवणानंतर शोधतात चष्मा तितका.
मग स.

छपाईयंत्र घरघरलं. गरम कागद
त्याने खिडकीशी नेला, उलटा धरून उजेडात पाहिला,
मग सुलटा.

"होता तसाच दिसतोय," म्हणाला.
"हो," मी म्हटलं.
पाच लेईची पावती फाडून दिली.

अकरा हजार दोनशे सहा उरलेत शेपटीवाले.
दुपारी दार लोटून घेते, थर्मासमधला चहा ओतते.
ऑल्ट. सोडते.
आणि कधी कधी पुढचं काही दाबतच नाही थोडा वेळ.